भटारखान्यातला उलटा पंखा

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, वडिलांजवळ तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर दोनदा उभा राहिलो — दोन्ही वेळा खरं सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

माझा धंदा एक्झॉस्ट फॅन बसवायचा. घरातल्या मोरीवरचे छोटे नव्हेत — हॉटेलांचे, मंगल कार्यालयांचे, कॉम्प्लेक्सच्या तळघरांचे. थ्री-फेज मोटारीचे, दोन माणसांनी उचलायचे. राहतो लातूरला, काम पार नांदेडपर्यंत असतं. बसवायचे आणि मग वर्षानुवर्षं सांभाळायचे. तेलकट पाती खरवडायची, बेरिंग बदलायचं. आत ज्यांचा जीव घुसमटतो त्यांना मोकळा श्वास द्यायचा, हे माझं काम. असं मी स्वतःच लोकांना ऐटीत सांगायचो.

आधी अप्पांचं सांगावं लागेल. सबब म्हणून नाही — पण त्या माणसाचा राग मला आजही येतो, आणि तो झाकून कबुली देणं म्हणजे आणखी एक लबाडी होईल.

अप्पा म्हणजे लातुरातल्याच एका कॉम्प्लेक्समधल्या मोठ्या हॉटेलाचे मालक. भटारखाना तळघरात, वरती बसायचा हॉल. तळघरातला धूर चार मजले चढवून गच्चीवर सोडायचा म्हणजे खायचं काम नव्हतं. दीड महिना मी त्या पत्र्याच्या डक्टमध्ये सरपटत होतो. फॅन चालू केला त्या दिवशी अप्पांना वर्तमानपत्राचं पान जाळीला लावून दाखवलं. पान जागेवर चिकटलं, फॅन हवा ओढतोय याची ती खूण. आमच्या धंद्यातली साधी परीक्षा आहे.

मग उद्घाटन. आमच्याकडे वास्तू उभी राहिली की गवंडी, सुतार, फरशीवाला, सगळ्या कारागिरांना टॉवेल-टोपी-नारळ देतात. निलंग्याकडच्या आमच्या गावाहून मी वडिलांना मुद्दाम बोलावलं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबलेला माणूस. पोराच्या डोक्यावर टोपी चढताना बघायला एसटीनं आला, तिसऱ्या रांगेत बसला. माइकवरून नावं सुरू झाली. गवंडी झाला, सुतार झाला, नळवाला झाला, पाटी रंगवणारासुद्धा झाला. माझं नाव आलं नाही. राहून गेलं असेल म्हणून मी आपण होऊन पुढं गेलो — तीच चूक. अप्पांनी मला खालून वर पाहिलं आणि माइकवरच म्हणाले, "पंखेवाल्याला टॉवेल कशाला पायजे? त्याला त्याचा पंखाच वाळवंल की."

सगळा मांडव हसला. हसू देत. पण तिसऱ्या रांगेत माझे वडीलही हसले — मोठी माणसं हसतात तिथं आपणही हसायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत. ते हसू मी कुठं ठेवायचं होतं, सांगा ना?

त्यांना एसटीत बसवून परत येताना मी ठरवलं, ह्या माणसाला धुरात लोळवायचं.

थ्री-फेज मोटारीची एक गोष्ट असते. तीन तारांतल्या दोन तारांची अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते. आवाज तोच, वेग तोच. फक्त हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येते. पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो, खटक्याची पेटी उघडली, दोन तारा बदलल्या, पेटी लावली. चहाही पूर्ण गार झाला नव्हता.

आणि गंमत बघा — सगळे खूश झाले! पंखा म्हणजे वारा, हेच माणसाच्या डोक्यात. एक्झॉस्ट फॅन चांगला चालत असेल तर त्याच्याखाली वारा लागतच नाही, हे कोणाला ठाऊक? स्वतः अप्पा जाळीखाली उभे राहिले, तोंड वर केलं आणि म्हणाले, आता कसा मस्त वारा मारायलाय. मी मान डोलावली.

आठवड्याभरात मजा सुरू झाली. मिरचीची फोडणी पडली की ठसका जिन्यावरून थेट हॉलमध्ये. गिऱ्हाईक रुमाल नाकाला लावून उठायचं. अप्पा गल्ल्यावर बसून शिंकायचे, डोळे पुसायचे. मला फोन करायचे, मी दोन-दोन दिवस जायचो नाही. गेलो की डोकं खाजवून म्हणायचो, गच्चीवर उलटं वारं आहे अप्पा, मोसमाचा फरक आहे. दुसरा एक वायरमन आणला त्यांनी. त्यानं पाहिलं, मोटार फिरतेय, लोड बरोबर आहे, गेला निघून. चार महिने चाललं हे. खोटं कशाला बोलू — त्या चार महिन्यांत मला झोप फार छान लागायची.

आता तिच्याबद्दल सांगतो. केव्हाचा टाळतोय ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या तळघरात सुमनबाई भाकरी करायची. नायगाव तालुक्यातली, नवरा वारलेला, लातुरात खोली घेऊन एकटी राहायची. तिची भट्टी नेमकी जाळीखाली. मी डक्टमध्ये घुसलेलो असायचो तेव्हा दुपारी हीच हाक मारायची, गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटलीत ठेवायची. तारा बदलल्यावर पहिल्या दिवशी तिनं माझे आभार मानले होते, तोंडावर वारा येतो म्हणून. तोच वारा भट्टीचा धूर आणि फोडणीचा खकाणा तळघरात कोंडत होता. हॉलमधलं गिऱ्हाईक उठून जाऊ शकत होतं. ती कुठं जाणार? सकाळी नऊपासून ती त्यात उभी.

मला दिसत होतं. दुसऱ्या महिन्यात खोकला, तिसऱ्यात भाकरी थापताना मध्येच परातीवर हात टेकून उभं राहणं. मी काय केलं? तिला खडीसाखर नेऊन दिली. हो, खडीसाखर! दोन तारा सरळ करायला पाच मिनिटं लागली असती.

पण ही अजून कबुली नाही. ती पुढं आहे.

चौथ्या महिन्यात एका दुपारी अप्पांनी मला तळघरात बोलावलं. सगळे आचारी गोळा होते, मध्ये सुमनबाई पदर तोंडाला लावून. भाकरीवर खोकते, गिऱ्हाईक तक्रार करतं, असं अप्पांचं म्हणणं. तिचं म्हणणं एवढंच की धुरानं होतंय, पंखा बघा. अप्पा माझ्याकडे वळले. म्हणाले, "तू कागद लावून दाखव. पंख्यात खोट असंल तर बाई राहील, नसंल तर आजच जाईल."

एका शब्दाचं काम होतं. कामात चूक झाली, तारा उलट्या लागल्या — एवढं म्हटलं असतं तर मुद्दाम केलं हेही कोणाला कळलं नसतं. पण अप्पांसमोर माझी चूक? त्या मांडवातल्यासारखे सगळे पुन्हा हसले असते, आणि ह्या वेळी अप्पांचं खरं ठरलं असतं. मी स्टुलावर चढलो. पान जाळीवर धरलं आणि अंगठ्यानं चारी कोपरे जाळीच्या भोकांत कोंबले. हात काढला. पान राहिलं.

खाली उभ्या सगळ्यांच्या तोंडावर वारा लागत होता आणि कागद वर चिकटलेला होता. दोन्ही एकदम होऊच शकत नाही. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी म्हणालो, "फॅन ठणठणीत हाय. बाईची छातीच कमजोर दिसते."

हे मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं, तरी दुसरं वाक्य मीच जोडलं.

तिनं परात धुतली, पालथी घातली आणि गेली. चार दिवसांनी अप्पा सोलापूरहून कोणा इंजिनियरला बोलावणार असं कानावर आलं. मी घाबरलो. ग्रीसिंगच्या नावाखाली गेलो आणि तारा सरळ केल्या. धूर गेला. अप्पांनी सगळ्या बाजारात सांगितलं की बाई गेली आणि धूर गेला, तीच भट्टी नीट सांभाळत नव्हती. मग लातुरातल्या एकाही हॉटेलानं तिला उभं केलं नाही. सूड उगवायला मी निघालो होतो. अप्पांचं हॉटेल आजही जोरात चालतं, त्याचा पंखा मीच सांभाळतो, आणि त्या माणसाचं तोंड पाहिलं की आजही माझं रक्त तापतं.

गेल्या वर्षी नांदेडच्या बसस्टँडवर ती भेटली. नायगावला भावाकडे असते. निम्मी झाली आहे. बोलता बोलता थांबायची, पिशवीतून दम्याचा पंप काढून ओढायची, मग पुढचं बोलायची. माझ्या वडिलांची चौकशी केली. मग म्हणाली, "भाऊ, तुमचे लई उपकार हायत. तुम्ही कागद लावून दाखिवला म्हणून कळलं, खोट माझ्याच छातीत हाय. न्हाईतर अप्पांना उगं शिव्याशाप देत बसले असते मी."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, तब्येतीला जपा.

गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून तिनं भावाचा पत्ता सांगितला, कधी नायगावकडे आलात तर भाकरी खायला या म्हणाली. त्यानंतर दोनदा नायगावला कामाला गेलो. पत्ता लक्षात आहे. त्या गल्लीत वळलो नाही.