तुराटीच्या टोकावरची पुस्तकं

आमची रागिणी भारी हट्टी. नणंद आहे म्हणून बोलत नाही, साऱ्या पुसेगावात विचारा. सत्त्याण्णव साली ती दहावीत होती. सोयाबीनच्या मळणीत तिची ओढणी यंत्रात गेली. ओढणी सोडवायला तिनं एक हात घातला, तो सोडवायला दुसरा. दोन्ही हात मनगटापासून गेले. त्या दिवशी यंत्रात सोयाबीन टाकत होते माझे सासरे, सटवाजी. आजही गावात कुठं मळणीयंत्र सुरू झालं, की ते उठून नदीकडं चालायला लागतात.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा रागिणी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि शेजारी बसून सासूबाई, कौशल्याबाई, पानं उलटायच्या. सासूबाईंना अक्षरओळख नाही. बोटाला थुंकी लावून विचारायच्या, "झालं का गं?" रागिणी म्हणायची, "थांब माय, अजून." तेवढ्यात गोठ्यातून शेळी ओरडायची, चुलीवरचं दूध वर यायचं. मग रागिणी म्हणायची, "व्हय, झालं." दोघी उठायच्या.

आमचे हे, वैजनाथ, सेनगावात कॉम्प्युटरचे क्लास घेतात. तिथला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. रागिणीनं तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचा, एक तुकडा सोलून घेतला, तो मनगटावर चिंधीनं बांधायला लावला आणि त्याच्या टोकानं एकेक बटण दाबायला शिकली. अशाच काडीनं कागदी पुस्तक उलटायचा प्रयत्न तिनं आधी करून पाहिला होता. दोन-दोन पानं एकदम यायची, नाहीतर पुस्तक मिटून खाली पडायचं. कॉम्प्युटरवर तसं नव्हतं. यांनी पुण्याच्या एका दुकानाच्या साइटवर तिचं खातं काढून दिलं. तिथं मराठी पुस्तकं कॉम्प्युटरवर वाचायला विकत मिळायची. पहिलं पुस्तक आलं त्या दिवशी तिनं एक ओळही वाचली नाही, नुसती पानं उलटत बसली. पुढं, मागं, परत पुढं.

"वहिनी, तुमाला खरं सांगू का?" ती त्या दिवशी म्हणाली. "माय पान उलटायची ना, तवा माझं अर्धं पान राह्यलेलं असायचं."

मला रडू आलं. मी शेळ्यांना पाला टाकायला गेले.

पुढची सहा वर्षं ती वाचत राहिली. सासूबाई म्हणायच्या, पोरगी त्या डबड्यात शिरंल एक दिवस. रागिणी हसायची. विकत घेतलेली पुस्तकं दुकानाच्या साइटवरच असत. लागेल ते उघडायचं आणि वाचायचं. आपली पुस्तकं तिथं आहेत म्हणजे घरातल्या कपाटातच आहेत, असं तिला वाटायचं.

दोन हजार नऊच्या मार्चात त्या दुकानानं कळवलं, की आम्ही बंद करतो आहोत, महिनाअखेरपर्यंत आपापली पुस्तकं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एक पुस्तक उतरवायचं तर ते उघडा, बटण दाबा, हो म्हणा, नाव द्या, साठवा. तुराटीच्या टोकानं हे करता करता तिची सारी सकाळ जायची आणि पुस्तकं यायची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणाच्या हाताच्या, ते मी सांगायला नको.

म्हणून तिनं स्क्रिप्ट लिहिली. ब्राउझरला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम, यांच्या क्लासच्या पुस्तकांतून शिकून लिहिलेला. एकदा सुरू केला की तो यादीतलं एकेक पुस्तक उघडणार, बटण दाबणार, साठवणार आणि पुढच्यावर जाणार. यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मधी थोडी थोडी उसंत ठिव. येवढ्या भरकन काहून काढायलीस? दुकानवाल्याला वाटंल कोन लुटून राहिलं."

तिनं उसंत ठेवली. पण महिना संपत आला आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. सकाळी जेमतेम घटकाभर लाइट, मग दिवसभर नाही. आता या मुलखात लाइट असताना कोण उसंत घेतं हो? लाइट आली की मोटार सुरू करायची, टाकी भरायची, दळणाचा डबा घेऊन गिरणीकडं पळायचं. आमच्या हाडांतच भिनलंय ते. रागिणी तरी कुणाची? तिनं उसंतीची ओळ काढून टाकली.

"वहिनी, या इकडं!" तिनं मला हाक मारली. मी पिठाच्या हातानं धावले. पडद्यावर पुस्तकं भराभर उतरत होती, जात्यातून पीठ पडावं तशी. ती लहान लेकरासारखी हसत होती. आणि एकदम सगळं थांबलं. लाइट गेली नव्हती. पडद्यावर लिहून आलं, की इतक्या वेगानं माणूस पुस्तकं उतरवू शकत नाही, चोरीचा संशय असल्यामुळं खातं बंद केलं आहे.

यांनी सेनगावहून फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, खातेदारानं स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज आणि सही पाठवावी.

"साहेब, तिला हात न्हाईत," हे म्हणाले.

तो माणूस म्हणाला, "हात नाहीत, तर मग इतकी पुस्तकं उतरवत कोण होतं?"

फोन ठेवून हे घरी आले ते जेवलेच नाहीत. तिच्या वतीनं मी स्वतः अर्ज लिहून पाठवला. उत्तर आलं नाही. महिना संपला आणि साइट उघडायची बंद झाली. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

जी थोडी पुस्तकं उतरली होती, ती तिनं पाठ होईपर्यंत वाचली. मराठी पुस्तकं अशी विकणारं दुसरं दुकान आम्हाला सापडलं नाही. शेवटी हे हिंगोलीहून कागदी पुस्तकं आणायला लागले.

परवा ओसरीवर दोघी बसल्या होत्या. सासूबाई आता थकल्यात, गुडघे धरून बसतात. रागिणी वाचत होती, मी समोर तूर निवडत होते. गोठ्यात शेळी ओरडली. सासूबाईंनी बोट ओलं केलं.

"झालं का गं?"

रागिणीची नजर पानाच्या मध्यावर होती.

"व्हय माय," ती म्हणाली. "झालं."