मोरितासानच्या आईची गाडी

मोरितासान घराबाहेर पडताना घराशी बोलत. आधी गॅसकडे बोट, मग खिडकीकडे, मग दाराच्या कुलपाकडे, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने एक जपानी शब्द. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या दारातला हा पन्नाशीचा सडसडीत गृहस्थ कुलपाला रागावतोय, असंच मला वाटलं.

"वडील स्टेशनमास्तर होते," मी बघतोय हे पाहून ते म्हणाले. "सिग्नल नुसता पाहायचा नाही, बोट दाखवून तोंडाने म्हणायचा, असा आमच्याकडे नियम. घरात आम्ही चुलीलाही तेच करायचो."

मोरितासान गेल्याचं परवा जुन्या ऑफिसातल्या एकाने फोनवर सांगितलं.

आम्ही एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रविवारी ते आमच्याकडे जेवायला येत. 'सान' म्हणजे आपल्या 'राव'सारखं, म्हणून मी जोशीसान झालो आणि माझी बायको सुनंदासान. वरणभात त्यांना मनापासून आवडे. लोणच्याला ते फार घाबरत आणि तरी दर वेळी घेत.

अशाच एका रविवारी जेवणानंतर त्यांनी टेबलावर शेंगदाण्यांची ओळ मांडली. एकेक दाणा म्हणजे एकेक स्टेशन. "इथे खाण. तिच्यासाठीच ही लाईन घातली. रुळांसाठी लोकांनी भाताची खाचरं दिली, माझ्या आजोबांनीही. हा बोगदा. आणि हे आमचं गाव." पुढे खाण संपली, लाकूड ट्रकने जाऊ लागलं, तरुण मुलं शहरांत गेली. आता अशा तोट्यातल्या लाईनी बंद करायचं सरकारने ठरवलं होतं. ऐकता ऐकता माझा हात टेबलावर गेला.

"अहो, त्यांचं गाव खाल्लंत तुम्ही!" सुनंदा ओरडली.

मोरितासानना मराठी कळत नव्हतं, पण रिकामी जागा दिसली. ते हसले. "खाऊ द्या. सरकारपेक्षा सावकाश खातायत."

मग त्यांनी आईबद्दल सांगितलं. पंच्याहत्तरी ओलांडलेली आई गावात एकटी होती. लाईन वाचवायची तर प्रवासी दिसले पाहिजेत, म्हणून गावकऱ्यांनी काही काम नसतानाही गाडीत बसायचं ठरवलं होतं. आई रोज बसे. पुढच्या स्टेशनवर उतरायची, बाकावर थर्मासमधला चहा प्यायची आणि परतीच्या गाडीने घरी यायची. गुडघे गेलेले, हिवाळ्यात बर्फ कमरेएवढा. इथे मोरितासाननी तिच्यासाठी एक खोली तयार ठेवली होती. तिला चढायला सोपं जावं म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले होते. पण गाडी चालू आहे तोवर ती गाव सोडायला तयार नव्हती.

"म्हणजे गाडी बंद झाली तर येतील?" मी विचारलं.

"हो म्हणालीय." ते टेबलावरच्या ओळीकडे पाहत राहिले. "जोशीसान, मी देवाकडे काय मागू, तुम्हीच सांगा."

सुनंदाने उठून चहाचं आधण ठेवलं.

लाईन बंद झाली. शेवटच्या गाडीसाठी ते गावी गेले. ते आईला घेऊनच येणार म्हणून सुनंदाने त्या खोलीतला हीटर लावून ठेवला, मऊ भात केला. ते एकटेच आले.

"डब्यांना फुलं बांधली होती. सगळं गाव रडलं, आईही रडली," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गाडीच्या जागी बस सुरू झाली. मी सामान बांधायला घेतलं, तर आई शाल गुंडाळून दारात उभी. म्हणते, 'बसमध्ये कुणी बसलं नाही, तर उद्या तीही बंद करतील.'"

"मग?"

"मग काय? मीही तिच्याबरोबर बसलो."

थोड्याच महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. मी नोकरीचं, पेन्शनचं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी आईला इतकी वर्षं बोलावतोय. तिने मला एकदाही बोलावलं नाही. आता न बोलावता जाऊन बघतो."

समोरच्या घरात दुसरं जोडपं आलं. चांगली माणसं होती, पण रविवार मोठा वाटू लागला. नव्या वर्षाला मोरितासानचा फोन येई. "आज बसमध्ये कोण होतं?" मी विचारायचो.

"मी, आई आणि एक कोबी. कोबीला ड्रायव्हरने तिकीट माफ केलं."

एका वर्षी फोनवर मी तेच विचारलं. ते म्हणाले, आई गेली. मी म्हणालो, "आता परत या. प्रयोगशाळेत तुमची अजून आठवण काढतात. मी बोलून बघतो."

"आत्ता कसा येऊ, जोशीसान?" ते म्हणाले. "आता बसमध्ये मी एकटाच असतो."

ती बस अजून धावते का, हे विचारायला त्या गावात माझ्या ओळखीचं आता कुणी नाही.