आबांची झोप आणि सर्व्हरचा लॉग

"अक्कांनी डिलीट केलंय. तुम्ही फक्त तसं लिहून द्या," मालक म्हणाले. मी अजून बॅगही उघडली नव्हती.

एरंडोलजवळची ही केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची लॅब. जळगावहून मी तिचा डेटाबेस सांभाळायचो. कुठल्या बाटलीत कुठल्या झाडाची रोपं, कधी भरली, हे सगळं त्यात. रोपं दिसायला सारखीच असतात, त्यामुळे नोंद गेली की बाटली फेकायचीच. दोन दिवसांच्या नोंदी गेल्या होत्या. त्या भरणाऱ्या सुनंदाअक्का बारा वर्षं तिथे होत्या. त्यांना नोटीस मिळाली होती: चूक लेखी कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय केलं, कुठे बिघडलं, सगळं वेळेसकट. लोक शेवटची लाल ओळ वाचतात आणि घाबरतात. खरं म्हणजे तिच्या आधीचं वाचायचं असतं.

शेवटची ओळ होती 'इन्व्हॅलिड पेज'. म्हणजे डिस्कवरचं पान अर्धवट लिहिलं गेलंय. डिलीटचा एकही हुकूम नव्हता. अक्का दीडला लॉगआउट करून जेवायला गेल्या होत्या. पावणेदोनला सर्व्हर मेला आणि साडेतीनला उठला. उठल्यावर त्याने लिहिलं होतं, 'नॉट प्रॉपर्ली शट डाउन'. म्हणजे रीतसर बंद न करता कुणीतरी वीज काढली.

मी आणखी मागे गेलो. आदल्या दिवशी तेच. त्याच्याही आदल्या दिवशी तेच. उन्हाळा लागल्यापासून रोज, पावणेदोन ते साडेतीन. इतके दिवस डेटाबेस पडून स्वतःच सावरत होता. या वेळी डिस्कनेच दगा दिला. महिन्यातून एकदा लॉग पाहायचं माझं काम होतं. ते मी केलं नव्हतं, हेही इथे सांगून टाकतो.

"लाइट जाते का दुपारी?" मी स्टाफला विचारलं. सगळे खाली बघायला लागले. यूपीएस ठणठणीत होता, शेजारचा राउटर एकदाही बंद पडला नव्हता, म्हणजे लाइट जात नव्हती. मी सर्व्हर रूममध्येच बसून राहिलो.

पावणेदोनला मालकांचे वडील आले. काखेत उशी. ऑफिसात एसी असलेली तेवढी एकच खोली.

"सरक ना भाऊ, माले पडनं शे," आबा म्हणाले आणि त्यांचा हात सरळ सर्व्हरच्या स्विचबोर्डाकडे गेला.

"आबा, ते बंद करू नका!"

"मी रोज बंद करस. हाई मशीन मन्हापेक्षा जास्ती घोरस."

मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. अख्ख्या ऑफिसला हे माहीत होतं.

मालकांसमोर मी लॉगचे कागद ठेवले. त्यांनी ते वाचलेच नाहीत.

"आबांचं नाव लिहिणार तुम्ही? ऐंशीचे आहेत ते. तुम्ही लिहा, तांत्रिक कारण."

"मग अक्कांची नोटीस मागे घ्या."

"ते मी बघतो ना. तुम्ही आधी सही करा."

मी सही केली. त्यांच्याच शब्दावर इतर चार ऑफिसांची कामं मला मिळाली होती. आठवड्याभरात सर्व्हर रूमला कुलूप लागलं, आबांच्या खोलीत नवा एसी बसला आणि अक्कांना काढलं. तांत्रिक कारण, म्हणे, चुकीच्या हाताळणीमुळे उद्भवलं.

अक्का मला एरंडोलच्या बसस्टँडवर भेटल्या.

"तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. असं विचारायला मला तोंड कसं झालं, कोण जाणे.

"आबासनं नाव मी कशी लेऊ, भाऊ? त्यासनीच तं माले आठे कामले लावं व्हतं. माले वाटनं, मशीन सांगी दी."

"मशीननं सांगितलं होतं, अक्का."

त्यांनी पिशवी उचलली. मग त्यांची बस लागली.

आता मी लॉगची पहिली प्रिंट ज्याच्यावर आळ आहे त्याच्या हातात देतो, मालकाला दुसरी. अक्कांना त्याचा काडीचाही उपयोग नाही.