देवाच्या नावाचा घोट

लटारू कोतवालाचा कोणावरही विश्वास नव्हता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी हा साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात कोणाची कोंबडी हरवली, कोणाकडं परका पाहुणा उतरला, ही खबर ठाण्यात पोचवणं हे त्याचं कामच होतं, आणि देवानं स्वभावही कामाजोगा दिला होता. रामराम करायच्या आधी तो समोरच्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. त्याला येताना पाहून बायका पदर सावरायच्या नाहीत, दारूची मडकी झाकायच्या.

त्याचा जीव होता तो एकट्या सुकलूवर. मेलेल्या बहिणीचा हा पोरगा त्यानं लहानपणापासून सांभाळलेला. मिसरूडही धड न फुटलेल्या सुकलूला त्यानं लाकडाच्या ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लावलं होतं. ड्रायव्हर मन्सूर त्याला गाडी शिकवत होता. तेव्हा क्लीनरचा ड्रायव्हर असाच व्हायचा. लायसन मागाहून, वयात आल्यावर. भाचा एक दिवस खाकी कपडे घालून स्टेअरिंगवर बसेल, या एका आशेवर म्हातारा खूश असायचा.

सत्तावन सालच्या हिवाळ्यात, सागाच्या नव्या तोडीची पूजा झाली त्याच दिवशी दुपारी, ट्रकनं गावातल्या दादाजी शेतकऱ्याच्या बैलगाडीला धडक दिली आणि तो मोहाच्या झाडावर जाऊन आदळला. एक बैल जागीच मेला. दादाजीच्या पायाचं हाड मोडलं.

"गाडी मीच चालवत होतो," मन्सूर सगळ्यांसमोर म्हणाला.

लटारूला ते पटलं नाही. ट्रकची डावी बाजू, म्हणजे क्लीनर बसतो ती बाजू, पार चेपली होती. मग डावा हात मन्सूरचा कसा मोडला? आणि सुकलूच्या अंगावर ओरखडाही का नाही? सुकलू खाली मान घालून उभा होता. लटारू त्याच्याजवळ गेला, सवयीनं वास घेतला, तर पोराच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

पोराला दारू पाजली कोणी? ठेकेदाराच्या मुनशीनं? भट्टीवाल्या पोचूनं? शेवटी त्याचा संशय मन्सूरवर येऊन बसला. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसावर! संध्याकाळी तो तरातरा मन्सूरच्या घरी गेला. मन्सूरची बायको रहमतबी नवऱ्याच्या हाताला हळद लावत होती.

"माह्या पोराले तूच पाजली ना रे? खरं बोल."

मन्सूर त्याच्याकडं बघतच राहिला. "मी काऊन पाजू, लटारूभाऊ? सकाळी पूजेत तुमीच तर पाजली. एक दोना देवाले वाहिला अन् दोन पोराले देल्ले."

"तो देवाचा घोट होता! त्याले कोनी दारू म्हनते का?"

लटारू खोटं बोलत नव्हता. तोडीच्या आधी मोहाची पहिली धार रानातल्या देवाला वाहायची आणि उरलेली पळसाच्या पानांच्या दोन्यातून सगळ्यांनी घ्यायची, ही रीतच होती. घेतली नाही तर देव कोपतो. मन्सूर तेवढा नारळावर भागवायचा. त्या घोटाला दारू म्हणायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"देवाचा असन भाऊ, पन चढला पोरालेच," मन्सूर म्हणाला. "मले ताप होता. सरळ रस्ता पाहून त्याच्या हातात गाडी देल्ली. वास नाई घेतला, ती माही चूक. पन पोरानं पिऊन, बिनलायसनची, कच्च्या वयात गाडी चालवली हे कोर्टात गेलं, तर त्याले सुधारशाळेत धाडतीन. पुढं लायसन कोन देईन त्याले? म्हनून मीच होतो म्हनलं. तुमी चूप राहा."

रहमतबीनं हळदीची वाटी जरा आदळूनच ठेवली. मन्सूर तुरुंगात गेला तर या घरात चूल कशी पेटणार, हे लटारूला दिसत होतं.

ठाण्यात मन्सूरनं तेच सांगितलं. ठाणेदार हसत म्हणाले, "काय कोतवाल, तुला कशाचा संशय येत नाही, असं कसं?"

गप्प राहिला असता तर भाचा सुटत होता. आयुष्यभर दुसऱ्यांची मडकी उघडून पाहिली, आता स्वतःचं झाकायचं? लटारूला स्वतःचीच घाण वाटली.

"संशय नाई, सायब. गाडी माह्या भाच्यानं चालवली. अन् त्याले पाजली मीनं."

पुढं चांद्याच्या कोर्टात सगळं रीतसर झालं. गाडी पोराच्या हातात दिली म्हणून मन्सूरला दंड झाला, काही महिने लायसन जप्त झालं. ठेकेदारालाही दंड बसला. लटारूची कोतवाली गेली. सुकलूला वयात येईपर्यंत सुधारशाळेत ठेवायचा हुकूम झाला. दादाजीचा पाय मात्र कोणाच्याच हुकमानं सरळ झाला नाही.

शिपाई सुकलूला न्यायला आले तेव्हा तो आधी मन्सूरच्या पाया पडला. लटारू पुढं झाला, तसा तो दोन पावलं मागं सरला.

"मन्सूरभाई माह्यासाठी खोटं बोलला," तो म्हणाला. "तू तं माहा मामा होता ना?"

शिपायानं सुकलूचा दंड धरला आणि त्याला गाडीत बसवलं.