पुढच्या मंगळवारी या

मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव शेलूबाजारजवळ. नाईक सलीम कारंज्याचा. कंपनीत वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघेच, त्यामुळे वऱ्हाडीत एकमेकांना शिव्या द्यायची चांगली सोय होती. त्या हिवाळ्यात आम्ही बर्फातल्या एका चौकीवर होतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहणे, मग बर्फ उपसणे, मग गस्त.

एका सकाळी गस्तीवर हिमकडा कोसळला. तीन जवान गाडले गेले. मी रेडिओ सेटवर मदत मागितली. उत्तर आलं, "हवामान खराब. स्वतः शोधा. ओव्हर." सलीमने हातांनी बर्फ उकरला. दोघे जिवंत निघाले. तिसरा त्याच्या मांडीवर गेला.

सलीमची बोटं काळी पडली होती. हवा उघडताच हेलिकॉप्टर आलं, सर्जनने बोटं वाचवली. बोटांसाठी सगळं होतं. परत आला तेव्हा त्याला झोप लागत नव्हती, पण त्याने वर काही कळवलं नाही. का कळवेल? आदल्या वर्षी एका जवानाने सिक रिपोर्टला, आजाऱ्यांच्या तपासणीत, सांगितलं होतं की जीव घाबरतो. त्याचा पट्टा आणि बुटाच्या लेस काढून घेतल्या, दोघांच्या पहाऱ्यात त्याला खाली नेलं. काळजीपोटीच असेल, पण नेलं ते चोरासारखं. अख्ख्या कंपनीने पाहिलं.

निवृत्तीनंतर सलीमने कारंज्यात किराणा दुकान टाकलं. शेजारचं शटर आदळलं की हा गव्हाच्या पोत्यात हात घालून उकरत बसायचा. मोहल्ल्यातले म्हणायचे, बाहेरची बाधा आहे. त्याची बायको शबानाभाभी मात्र म्हणायची, हा आजार आहे. तो मरणाची भाषा बोलू लागला तेव्हा तिने मला फोन केला. मी त्याला जीपमध्ये घालून वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

मनाचा डॉक्टर तिथे फक्त मंगळवारी येतो. आम्ही मंगळवारीच गेलो होतो. डॉक्टर रजेवर, बदली कोणी नाही.

"पुढच्या मंगळवारी या," खिडकीतला माणूस म्हणाला.

"याच्या छातीत दुखलं असतं, तं असंच सांगितलं असतं काय?"

"छातीची गोष्ट येगळी, भाऊ. हे तं डोक्याचं हाय."

माझं टाळकं सरकलं. मी सलीमला म्हटलं, आत्ताच अकोल्याला जाऊ. त्याने माझा दंड धरला.

"राहू दे यार. आठ दिवसच तं हाय. पोस्ट सांभाळतो मी."

फौजेने त्याला हेच शिकवलं होतं, मदत येईपर्यंत टिकून राहायचं. पण तिथे निदान मदत यायची. मंगळवार उजाडायच्या आधीच सलीमने आपला जीव दिला. जिल्हा एवढा मोठा, आणि मनाच्या जखमेला आठवड्यातला एक दिवस. अजूनही माझं रक्त उकळतं.

यंदा सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांनी शहिदांची नावं घेतली. शेवटचं नाव झाल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाईक सलीम."

आमच्या माजी सैनिक संघटनेचा सेक्रेटरी माझ्या कानाशी आला. "त्यायचं नाव नाही घेता येत, साहेब. ते तं घरी वारले."

"घाव चौकीवरचा होता," मी म्हटलं आणि पुन्हा नाव घेतलं, परेडच्या आवाजात.

मागच्या रांगेत शबानाभाभी उठून उभी राहिली. मग एकेक करून सगळे म्हातारे फौजी उभे राहिले आणि सावधान झाले.