नानांची कॅफेतली पंगत

माझे सासरे, नाना, कॅफेत बसत नसत. उभे राहत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात पाठीमागे आणि आमच्या टेबलाभोवती संथ फेऱ्या. वेटर आधी गोंधळायचा, मग त्यांच्यासाठी खुर्ची ओढून द्यायचा, मग मॅनेजरला घेऊन यायचा. नाना दोघांनाही एकच सांगत, "तुमी आधी पोरायले द्या. माही काही घाई नही."

नाना सावद्याचे. केळीची बाग, घरासमोर ट्रॅक्टर, आणि पंचक्रोशीत ओळख अशी की रावेरच्या बाजारात कुणाला नुसतं 'नाना' म्हटलं तरी आमच्या घराचा रस्ता दाखवत. रविवारी ते सासूबाईंना घेऊन जळगावला आमच्याकडे येत. केळीची फणी ओट्यावर ठेवायची, पाणी प्यायचं आणि माझ्या मुलीला, सईला, हाक मारायची. "काय वं सई, गावात नवं काय निघालं?"

जळगावात नवं काही ना काही निघालेलं असेच. कुठे खुर्च्यांऐवजी झोपाळे टांगलेले, कुठे तुरुंगासारखे गज आणि कैद्यांच्या कपड्यांतले वेटर, कुठे बशीतून धूर येणारी बिस्किटं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आणि आम्ही पाच जण गाडीत कोंबून त्या धुराच्या बिस्किटांना निघालेलो. या वयात या माणसाला या असल्या जागांची एवढी हौस कशी, याचं मला फार कौतुक होतं. पण ते कौतुक कॅफेच्या दारापर्यंतच टिकायचं. दारात पाऊल टाकलं की नाना म्हणत, "आज माह्याकडून बोलावनं हाये बरं का." आणि माझ्या कपाळावरची शीर उडायला लागे.

कारण नानांच्या लेखी बोलावणं म्हणजे पंगत, आणि ज्याची पंगत तो बसत नाही. तो रांगांमधून फिरतो, कुणाच्या पानात काय संपलंय ते बघतो, नको म्हणणाऱ्याला जास्तच वाढतो आणि सगळे उठले की शेवटी जेवतो. सावद्याच्या बाजूला कुणाचंही लग्न असो, वरण-बट्टीवर तूप वाढायला नानाच लागत. कढलेलं तूप घेऊन ते निघाले की माणसं दोन्ही हात पानावर आडवे धरत, आणि नाना बोटांच्या फटीतून तूप सोडत. माझ्या लग्नात तर ते वरपिता. धुळ्याला, माझ्या माहेरी, त्यांना मानाचं पान मांडलेलं. पंगत बसली आणि थोड्या वेळाने बघते तर व्याही आमच्याच नातेवाइकांना जिलबी वाढतायत. माझे वडील, अण्णा, हात जोडून मागे मागे फिरत होते. "बसतो नं," नाना म्हणाले, "लोकायचं होऊ द्या आधी." मी सासरी निघाले तेव्हा अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "त्या घरमा तू काय उपाशी ऱ्हावाव नहीस, पन उशिरे जेवशी."

सिझलिंग ब्राउनी पहिल्यांदा आमच्या टेबलावर आली तो प्रसंग सई अजून मैत्रिणींना करून दाखवते. एकेकापुढे चरचरणारी तापलेली लोखंडी ताटली, वर आइस्क्रीम आणि सोबत चॉकलेटच्या पाकाचा छोटा जग. वेटर ओतणार तेवढ्यात नानांनी जग हातात घेतला आणि पंगत सुरू केली. आधी सई, मग माझा नवरा योगेश, मग मी. सई "बस, बस" म्हणून ओरडली आणि तिने ताटलीवर हात धरला. नानांनी सवयीने बोटांच्या फटीतून पाक सोडला. उरलेल्या पाकाचा जग त्यांनी शेजारच्या टेबलावर नेला. तिथे कॉलेजातली एक जोडी एकमेकांत गुंग होऊन बसली होती. "घ्या नं पोरंहो, लाजू नका, घरचंच हाये," असं म्हणत नानांनी त्यांच्या वॉफलवर उरलेला पाक ओतला. ती मुलगी घाबरून पर्स छातीशी धरून बसली. मी मेन्यू कार्डात तोंड घातलं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. मी काही एवढी आंबट बाई नाही. पण या सगळ्यात आई होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्हा सगळ्यांत आइस्क्रीमची खरी आवड त्यांना. काउंटरच्या काचेला बोट लावून त्या एकेका रंगाचं नाव सईला विचारत. हे जांभूळ का? आणि हे सीताफळ? निवडायला त्यांनाच सगळ्यांत जास्त वेळ लागे. मग त्यांचा कप टेबलावर यायचा आणि त्या मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या. कारण नानांनी खाल्ल्याशिवाय आई खात नसत. लग्न होऊन आल्यापासून नाही. आणि नाना सगळ्यांचं झाल्याशिवाय खात नसत. म्हणजे सईचं चाटून पुसून होणार, योगेशचं होणार, माझं होणार, नाना शेजारपाजारच्या टेबलांची विचारपूस करून येणार, मग बसणार, मग चमचा उचलणार, आणि मग आई. तोवर जांभळाच्या कपात जांभळं पाणी झालेलं असायचं. आई तो कप दोन्ही हातांनी तोंडाला लावून पिऊन टाकत.

"पातय झालं तं काय झालं," नाना वर म्हणत. "गोड तं तेवढंच हाये!"

मला एवढंच हवं होतं की आईंनी एकदा तरी आइस्क्रीम हे आइस्क्रीम असताना खावं. जगाच्या दृष्टीने काहीच नाही हो हे. पण दर रविवारी डोळ्यांसमोर तो कप वितळताना पाहायचा आणि गप्प बसायचं, हे मला जमेना. माझं खाणंही बेचव होऊ लागलं. मी आईंना चमचा हातात दिला, त्यांनी तो बाजूला ठेवला. मी भरवायला गेले, त्यांनी तोंड फिरवलं आणि लाजून हसल्या. मी नानांना सदरा धरून ओढलं, तर ते म्हणाले, "बसतो नं बाई, तू खाय आधी." योगेशला म्हटलं, तू तरी बोल. तो म्हणाला, "अगं, ते लहानपणापासून असंच आहे." जणू त्यामुळे ते बरोबर ठरत होतं.

शेवटी एकदा परतताना गाडीतच मी विषय काढला. म्हटलं, "नाना, तुम्ही बसत नाही म्हणून आई खात नाहीत. त्यांना आवडतं ते दर वेळी पाणी होऊन जातं."

नाना खरंच चकित झाले. पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळले. "म्या कधी सांगतलं तिले थांबाले? काय वं योगेशची माय, म्या सांगतलं का कधी?"

"त्यायनं कधीच नही सांगतलं," आई लगेच म्हणाल्या.

"मग तू खात जाय नं."

"तुमच्या आधी कसं खाऊ? तुमीच बसत जा नं."

"पाव्हन्यायच्या आधी कसा बसू?"

"आम्ही पाहुणे नाही आहोत, नाना!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी तुमची सून आहे. ही नात आहे!"

नाना विचारात पडले. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "म्या बोलावलं म्हनजे तुमी पाव्हनेच नं." दोघांपैकी कुणाचंच काही चुकत नव्हतं आणि मी खिडकीबाहेर बघत दात खात होते.

मग मला एक युक्ती सुचली. धुळ्याला जायचं. माझ्या माहेरी ते व्याही, मानाचे पाहुणे. तिथे त्यांना उभं राहण्याचा हक्कच नाही. जुन्या बसच्या सांगाड्यात कुणीतरी आइस्क्रीमचं दुकान थाटलं होतं. बसचीच बाकडी, मध्ये फळी टाकून टेबल. बोलावणं अण्णांचं, हे मी सगळ्यांसमोर तीनतीनदा ठणकावून सांगितलं आणि नानांना खिडकीजवळ आत सरकवलं. त्यांच्या शेजारी आई. बाहेर पडायला वाट नाही, असा बंदोबस्त.

आइस्क्रीम आलं. आईंचं सीताफळ, टणक, वर बर्फाची बारीक लव. आणि नाना म्हणाले, "नही नही, मले नको." आता ते पाहुणे होते ना, मग पाहुण्याने लगेच कसं घ्यायचं? अण्णा समोरच्या बाकावरून आग्रह करू लागले. "व्याही, आमना मान ठेवा." नाना नको म्हणाले. अण्णांनी पुन्हा आग्रह केला. आईंच्या कपाच्या कडेने पहिला ओघळ खाली आला. अण्णांनी तिसऱ्यांदा आग्रह केला तेव्हा नानांनी चमचा उचलला. आणि शेजारी आईंनीही उचलला. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

तेवढ्यात बसच्या दारातून आवाज आला, "नाना? तुमी इकडं कसे?"

रावेरचे एक केळीचे व्यापारी सहकुटुंब बसमध्ये चढत होते. नाना आईंच्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर आले. "या, या! बसा!" त्यांनी व्यापाऱ्यांना आपल्या जागेवर बसवलं, आपला कप त्यांच्यापुढे सरकवला, "उष्टा नही हाये, घ्या," म्हणाले आणि वरची दांडी धरून उभे राहिले. आईंनी चमचा खाली ठेवला.

राग आला की मला माझी माहेरची अहिराणी आठवते. "तुम्ही बठ्ठा मिळीसन माले येडी करशात!" मी भर बसमध्ये म्हणाले. व्यापाऱ्यांच्या घरच्यांना वाटलं, घरात काहीतरी भांडण आहे. नाना मात्र काळजीने वाकून म्हणाले, "काय झालं बाई? तुले अजून एक सांगू का?"

अशा माणसावर चिडणंही धड जमत नाही. मी बाळंतीण होते तेव्हा डिंकाचे लाडू संपू नयेत म्हणून भर पावसात सावद्याहून डबा घेऊन हाच माणूस आला होता. माझी नोकरी लागली तेव्हा सगळ्या गल्लीला यांनीच जेवायला घातलं. ज्याच्या हातून एवढं वाढलं गेलं, त्याला आपल्या शेजारी रिकामा बसलेला एक माणूस दिसू नये, हे मला कळायचं नाही. अजूनही कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. बागेत घडांची कापणी झाली होती, ट्रक भरून गेला होता. मजूर सावलीत भाकरी खायला बसले होते आणि नाना अर्थातच उभे होते. कुणाला ठेचा हवा का विचारता विचारता छातीला हात लावून खाली बसले, ते तसेच. तेराव्याला माणसं आली, पंगत बसली, पण कुणी कुणाला आग्रह करेना. योगेश तूप घेऊन निघाला आणि अर्ध्या रांगेत त्याला पुढे जाता येईना. मग मी ते भांडं घेतलं.

आई आमच्याकडे राहायला आल्या. बाहेर कुठे चला म्हटलं की नको म्हणत. सईने तिच्या वाढदिवसाला हट्ट धरला तेव्हा कशाबशा तयार झाल्या. नवीनच जागा होती, भिंतीभर जुन्या सायकली टांगलेल्या. सई काचेपाशी एकेक नाव सांगत होती. आईंनी फार वेळ न लावता जांभूळ म्हटलं. कप आला. आईंनी मांडीवर हात ठेवले आणि त्या बसून राहिल्या.

सईने खायला सुरुवात केली नाही. योगेशनेही नाही. आम्ही तिघं आईंकडे बघतोय आणि आई कपाकडे. कडेने जांभळा ओघळ निघाला. माझ्या आत इतक्या रविवारांचं साचलेलं सगळं उसळून आलं आणि मी बोलून गेले, "आई, आता कोणाची वाट बघताय?"

योगेशने माझ्याकडे असं पाहिलं की मला जीभ चावावीशी वाटली. पण आईंना राग आला नाही. त्यांनी मान वर केली, आमच्या टेबलाभोवतालची मोकळी जागा पाहिली, आणि चमचा घेतला. कडक गोळ्यात तो रुतेना, तर त्यांनी अंगठ्याने दाबला. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांनी गालावर हात धरला.

"दुखलं का?" सईने विचारलं.

"झोंबलं वं दाताले." मग त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या थांबत नव्हत्या.

"गार राह्यते हे माहीत व्हतं मले," त्या सईला म्हणाल्या. "एवढं गार राह्यते हे नव्हतं माहीत."

योगेश उठून बाहेर गेला. मला नानांचा असा संताप आला की समोर असते तर दोन्ही खांद्यांना धरून त्यांना त्या खुर्चीत दाबून बसवलं असतं, आणि खुर्ची तिथेच होती, आईंच्या शेजारी, अजून कुणी यायचंय असं समजून वेटरने ओढून ठेवलेली.