डबा वाळेपर्यंत

ताई येणार की नाही हे घरात कोणी धड सांगेना, म्हणून मी काड्यापेट्या जमवायला लागले. हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं. ताई माझी थोरली बहीण. आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याकडच्या एका खेड्यात नांदायला गेली. गुलाबाईच्या सणाला तिला माहेरी धाडतील असं माय म्हणायची. आबांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'चा मला भयंकर राग यायचा.

जळगावात आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी कोनाड्यात मांडायचे, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा खुळखुळवून आत खाऊ कोणता ते ओळखायचं. ओळखण्यात ताईचा हात धरणारी कोणी नव्हती. त्या साली ती नव्हती तर सगळ्या पोरी नुसत्या चाचपडत होत्या, आणि मी त्यांच्यावर खेकसत होते.

तिला दाखवायला म्हणून मी गुलाबाईसाठी महाल बांधायला घेतला. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस. रंगीत कागद बाजारात मिळेना. पण आबा एका किराणा दुकानात तागडी धरायचे, त्यामुळे दुकानातलं टाकाऊ आमच्याकडे यायचं. साबणाच्या खोक्यांचे सज्जे केले, उदबत्तीच्या नळ्यांचे खांब, काड्यापेट्यांच्या भिंती. वरून चहाच्या पुड्यांचे लाल-पिवळे कागद डकवले. स्टेशनाबाहेर लोक सिगारेटची पाकिटं फेकायचे, त्यातला चंदेरी कागद वेचून आणला. त्यापायी मायचे धपाटे खाल्ले, पण खळीसाठी पीठही तिनेच दिलं.

सगळ्यात मोठी चीज म्हणजे रॉकेलचा रिकामा डबा. दुकानाच्या मालकाने सणाचा म्हणून आबांना दिला. आबांनी वरचा पत्रा कापला, काठ ठोकून गुळगुळीत केले आणि म्हणाले, "घे, तुझ्या महालाला." मी तो आडवा ठेवून त्याचा गाभारा केला. खिळा आणि बत्ता घेऊन पत्र्याला भोकं पाडली. आधी चांदण्या, मग वेल, मग एक मोर. आत पणती ठेवली की उजेडाचा मोर भिंतीवर पडायचा. इतकं सुबक काम मी पुन्हा कधी केलं नाही, हे मी गर्वानेच सांगते.

रोज दुपारी मी ओट्यावर जाऊन टांगा येतो का बघायची. टांगा दुसऱ्याकडे वळला की आत येऊन महालाला आणखी एक सज्जा जोडायची. महाल वाढत गेला. कोनाड्यात मावेना, तेव्हा खाली पाटावर मांडला.

कोजागिरी चार-सहा दिवसांवर आली तेव्हा ताई आली. सोबत तिचा दीर. त्याला त्याच संध्याकाळी तिला घेऊन परत निघायचं होतं. मी तिला हाताला धरून ओढतच महालापुढे नेलं आणि पणती लावली. तिने बघितलं, हसली. मग खाली बसून डब्यावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"याले भोकं कोणं पाडली?"

"मी," मी म्हटलं. अजून मी शाबासकीची वाट बघत होते.

तिला सासूने सांगून धाडलं होतं: तुझा बाप दुकानात आहे, येताना रॉकेलचा एक डबा आण, उंदीर बाजरी ठेवत नाहीत. तसा डबा बाजारात कुठे उरला नव्हता. आबा तसेच दुकानात गेले आणि हात हलवत आले. मालक आता रिकामा डबाही सोडायला तयार नव्हता. ताई रडली नाही. ती चिडली असती, मला दोन रट्टे दिले असते तर बरं वाटलं असतं. ती नुसती एकेका भोकावर बोट ठेवून बघत होती.

माय म्हणाली, "टोपलं लिंपतो तसा लिंपून देऊ." कागद भिजवून कुटायचा, भिजल्या मेथ्या वाटून त्यात घालायच्या आणि तो लगदा आतून-बाहेरून थापायचा. वाळला की दगडासारखा होतो. पण एवढा कागद आणायचा कुठून? घरात होता तो सगळा महालात होता.

मी आकांत केला. गुलाबाई बसलेली असताना तिचं घर मोडतात का, असं विचारलं. मग दुसऱ्या कोणाचा हात लागू नये म्हणून मीच सगळं ओरबाडून काढलं आणि बादलीत कोंबलं. चंदेरी कागद तेवढा भिजेना, तो वर तरंगत राहिला. गुलाबाई आणि गुलोजी पुन्हा उघड्या कोनाड्यात गेले.

मायने दिराला सांगितलं, "ओला डबा नेला तं वाटेतच पोपडे पडतील. वाळला की न्या."

"मी आठेच मावशीना घर शे," तो म्हणाला. "वाळना म्हणजे निघूत." त्याच्या अहिराणीत 'वाळना' म्हणजे वाळला; तोवर तो इथेच त्याच्या मावशीकडे राहणार होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा वाळेपर्यंत ताई आमची होती. दुसऱ्या दिवशी मायने लगदा थापला, तोही हवा त्याहून कितीतरी जाड.

पण आश्विनातलं जळगावचं ऊन. मी अंगणात टपून बसले. कोणी नाही असं बघून डबा भिंतीच्या सावलीत सरकवायची आणि आत जायची. परत येऊन बघते तर डबा उन्हात. पुन्हा सरकवायची, पुन्हा तो उन्हात. धड जेवले नाही, पोरींबरोबर गाणी म्हणायला गेले नाही. रोज संध्याकाळी दीर यायचा, बोटाने डबा टकटक वाजवायचा आणि विचारायचा, "वाळना का वो अक्का?" माय म्हणायची, "आतून ओला हाये." मला वाटलं, हा मेलाच दिवसा गुपचूप येऊन डबा उन्हात ठेवतो. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी एका दुपारी दाराआड उभी राहिले.

ताई आली. पदराने घाम पुसला, डबा उचलला आणि उन्हात नेऊन ठेवला. वर त्याचं तोंड सूर्याकडे फिरवलं.

मी धावत जाऊन तिच्या अंगावरच पडले. तुला आम्ही नको झालो का, तुला तिथंच गोड लागतं का, असं काय काय बोलले. तिने मला बोलू दिलं. मग माझे दोन्ही हात धरले. तिच्या नखांत लगदा होता.

"उशीर झाला तं पुढच्या साली धाडणार नाहीत मले," ती म्हणाली. "मले पुढच्या साली यायचं हाये."

मला तिचा राग आला, तिच्या सासूचा आला, मायच्या जाड लिंपणाचाही आला. किती वेळ मी तशीच धुसफुसत उभी होते. तेवढ्यात भिंतीची सावली सरकून डब्याच्या काठाला टेकली. ताईने बघितलं, पण आता तिचे हात मीच घट्ट धरले होते. मी ते सोडले, डबा उचलला आणि अंगणाच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवला.